मोळीविक्रीचे अर्थशास्त्र

पालघर-रायगडच्या डोंगरपट्ट्यात तालुक्याच्या गावाकडे जाणाऱ्या सडकेवर भल्या पहाटे मोळीवाल्या बायांची रांग दिसते. पूर्वीपेक्षा ती आखूड झाली आहे इतकेच. जंगल कोणी संपविले, हा प्रश्न निघाला की सुशिक्षितांचे बोट प्रथम या रांगेकडे वळते. साहजिकच आहे, मोळी डोक्यावर असते व दिवसाउजेडी जाते, लाकडाचा ट्रक रात्री जातो.

या बाईला पर्यावरणाची जाण नाही, असे गृहीत धरून तिच्यासाठी प्रबोधनाचे कार्यक्रम आखले जातात. वस्तुस्थिती निराळी आहे. ऐन व धावडा यांचा विस्तव टिकतो, पांगाऱ्याच्या व सावरीच्या लाकडाला गिऱ्हाईक नाही, हे तिला पुस्तकावाचून ठाऊक असते. मोहाला ती कोयता लावीत नाही. त्याची फुले व बी दरवर्षी घरात चार पैसे आणतात. उंबराला रूढी राखते. जवळचे वाळके लाकूड संपले की मात्र ती ओली फांदी तोडते, वाळायला टाकते आणि काही दिवसांनी उचलते. हे लपविण्यात अर्थ नाही. पण त्याच हाताने मोह राखला जातो, हे कसे? मोहाचे उत्पन्न पुढल्या वर्षीही आपल्याच पदरी पडेल, अशी तिला बरीचशी खात्री असते. ऐनाच्या फांदीबद्दल तशी खात्री नसते. आज आपण सोडलेली फांदी उद्या दुसरा नेईल, हा तिचा हिशेब अर्थशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर चूक ठरत नाही.

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामाईक मालमत्तेची शोकांतिका म्हणून जे मांडले, ते वरकरणी हेच. परंतु ज्याला सामाईक म्हटले जाते, ते रान येथे सामाईक राहिले होते काय? १९२७ च्या वन कायद्याखालील राखीव जंगलात ते सरकारचे झाले. विदर्भातील निस्तारासारख्या सवलती घरच्या चुलीपुरत्या होत्या, बाजारासाठी नव्हत्या. म्हणजे मोळी घरी नेली तर सवलत, विकली तर गुन्हा. जिच्या धंद्यावरच चोरीचा शिक्का आहे, तिने वीस वर्षांनंतरच्या झाडाची काळजी वाहावी ही अपेक्षा थोडी चमत्कारिक आहे.

२०११ च्या जनगणनेत ग्रामीण भारतातील ६२.५ टक्के कुटुंबे सरपणावर स्वयंपाक करीत होती. त्यानंतर २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. धुरातून सुटका हा तिचा लाभ कोणी नाकारणार नाही. मात्र ही योजना बाईला सरपण जाळणारी म्हणून ओळखते, विकणारी म्हणून नाही. तालुक्याच्या गावात गॅस पोचला की तिचे गिऱ्हाईक खाणावळी, भट्ट्या आणि स्मशान एवढ्यांपुरते उरते. आणि सिलिंडर पुन्हा भरण्याची रक्कम तिला याच आटत्या कमाईतून काढावी लागते. पर्यायी रोजगाराचे म्हणाल तर रोजगार हमीची कल्पना याच राज्याने १९७२ साली अमलात आणली. अडचण कामाच्या अभावाइतकीच मजुरीच्या विलंबाची आहे. मोळीचे पैसे दुपारपर्यंत हातात पडतात व संध्याकाळी तांदूळ येतो. आठवड्यांनी बँकेत जमा होणारी मजुरी त्याची जागा कशी घेणार?

हक्क मिळाल्यावर वृत्ती बदलते काय, याचे उत्तर पूर्व विदर्भात शोधता येते. वनहक्क कायद्यान्वये २००९ साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला सामूहिक हक्क मिळाला. (सामाईक साधने लोक स्वतः राखू शकतात, हे दाखविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना नोबेल मिळाले तेही त्याच वर्षी.) चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव तर आणखी पुढे गेले. तेंदूपानासाठी झुडपे छाटावी लागतात व वणवे लावले जातात, म्हणून त्या ग्रामसभेने तेंदूची तोडच बंद केली. उन्हाळ्यातील हमखास रोकड सोडणारे हे लोक सुखवस्तू नव्हते; पण त्यांच्या हाती स्वतःच्या मालकीचा बांबू होता व तो विकण्याचा अधिकारही होता. पालघर-रायगडच्या किती पाड्यांच्या हाती बांबूच्या तोडीचे असे काही आहे, याची मोजदाद वनखात्याने रोपांच्या आकडेवारीआधी जाहीर करावयास हवी.