मानपत्र नको, चाळिशी द्या

गेल्या वर्षी आमच्या गावात ज्येष्ठ नागरिकांचा सत्कार झाला. मांडव होता, ध्वनिक्षेपक होता, तालुक्याहून आलेले पाहुणे होते आणि सात म्हातारी माणसे खुर्च्यांवर अवघडून बसली होती. प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि चौकटीत बसवलेले मानपत्र मिळाले. मानपत्राचा मजकूर मीच लिहिला होता. गावात कादंबऱ्या लिहिणारा मास्तर असला की अशी कामे त्याच्याच गळ्यात पडतात. समारंभ आटोपल्यावर सत्कारमूर्तींपैकी एक आबा माझ्याकडे आले आणि चौकट पुढे करून म्हणाले, "मास्तर, झकास लिहिलंय म्हणतात. जरा वाचून दाखवा की."

"आबा, तुम्हाला तर वाचता येतं!"

"येत होतं. आता अक्षरं मुंग्यांवानी पळतात."

सातांपैकी एकाजवळही चष्मा नव्हता. शाल, श्रीफळ आणि चौकट यांवर माणशी जेवढा खर्च झाला, तेवढ्यात एकेकाला दोन-दोन चष्मे आले असते. हा हिशेब मी त्या रात्री मांडला आणि तेव्हापासून माझे डोके तापलेले आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांना कडू काढा पाजू नये हे मला कळते. पण हा काढा पाजायला दुसरा मुहूर्त मला सापडत नाही.

या बाबतीत आपल्या मराठी भाषेने आपल्यापेक्षा अधिक शहाणपण दाखवले आहे. जवळचे पाहण्याच्या चष्म्याला तिने नाव दिले 'चाळिशी'. ज्या वयात तो लागतो, त्या वयाचेच नाव! तो पंडिताला लागतो, कारकुनाला लागतो, असे ती म्हणाली नाही. जो चाळीस वर्षे जगला त्याला लागतो, असे म्हणाली. शास्त्रही तेच सांगते. डोळ्यातले भिंग लहानपणी मऊ असते. जवळचे पाहायचे झाले की फुगते, लांबचे पाहायचे झाले की चपटे होते. वयाबरोबर ते ताठर होत जाते आणि चाळिशीच्या आसपास जवळचे धूसर होऊ लागते. हा रोग नव्हे. केस पिकतात, तसलीच ही गोष्ट. फरक एवढाच, की पिकलेल्या केसांनी कुणाचे काम अडत नाही.

पुढे कुणीतरी चाळिशीला 'वाचायचा चष्मा' म्हणू लागले आणि तेथेच घात झाला. वाचायचा चष्मा म्हटले की जो वाचत नाही त्याला तो हवा कशाला, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. "अडाणी म्हातारीला चष्मा कशाला? ती काय पोथी वाचणार आहे?" हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या तोंडांतून ऐकले आहे. अहो, सुईत दोरा ओवायला, तांदळातला खडा वेचायला, सोलापूरच्या बाईला विडीचे पान कातरायला, येवल्याच्या विणकराला पैठणीचा तुटलेला धागा सांधायला, नातवाच्या पायातला काटा काढायला कुठे अक्षर लागते? डोळा लागतो! विळा, खुरपे, कात्री तसा चष्मा. ते हत्यार आहे. विद्वत्तेचा दागिना नव्हे.

दुसऱ्यांना कशाला नावे ठेवू? माझ्याच घरचे सांगतो. माझ्या आईच्या गोधड्या पंचक्रोशीत नावाजलेल्या. पन्नाशी उलटल्यावर तिचे टाके वाकडे पडू लागले आणि एक दिवस तिने सुई ठेवून दिली. आम्ही म्हणालो, "आता वय झालं, विश्रांती घे." केवढे मायाळू शब्द! तांदूळ निवडायचे काम मात्र तिच्याकडेच राहिले. भातात खडा लागला की मी ताट सरकवीत असे; एकदा तर पाहुण्यांदेखत तिच्यावर ओरडलो. ती गप्प बसली. पुढे मला बेचाळिसावे लागले आणि हजेरीपटावरची नावे मला नीट दिसेनात. आठ दिवसांच्या आत मी तालुक्याला जाऊन चष्मा करून आलो. माझ्यासाठी आठ दिवस आणि आईसाठी सोळा वर्षे! तीही मी होऊन संपवली नाहीत. एका दुपारी तिने माझा चष्मा सहज नाकावर चढवला, सूप पुढे ओढले आणि बराच वेळ त्यात पाहत राहिली. मग म्हणाली, "इतकी वर्षं मी तुम्हाला एवढे खडे खायला घालत होते का रे?"

वर्गात फळा न दिसणारे पोर मी पहिल्या आठवड्यात ओळखतो. घरातली आई मला ओळखता आली नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, ही तुमच्या घरची कथा. तिच्यावरून जगाला शहाणपण शिकवू नका. ठीक आहे, जगाचेच घेऊ. आसामच्या चहामळ्यांत चाळीस आणि त्यापुढच्या वयाच्या ७५१ मजुरांवर एक प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात आला. निम्म्यांना चष्मे लगेच दिले, निम्म्यांना प्रयोग संपल्यावर. चष्मेवाल्यांची पानांची तोडणी बाकीच्यांच्या मानाने सुमारे २१.७ टक्क्यांनी वाढली. पन्नाशीपुढच्यांची तर सुमारे ३२ टक्क्यांनी. बांगलादेशातील ५६ खेड्यांत ८२४ माणसांवर अशीच परीक्षा झाली आणि २०२४ साली तिचे फळ जाहीर झाले : आठ महिन्यांत चष्मेवाल्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने अधिक! यात शिंपी होते, कारागीर होते, दुकानदार होते, शेतकरी होते. पुस्तके वाचणे हा त्यांच्यापैकी कुणाचा धंदा नव्हता. आणि जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९चा अहवाल सांगतो, की जवळचे दिसत नाही आणि त्यावर चष्माही नाही, अशी माणसे जगात ८२ कोटी ६० लाख आहेत.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप डॉक्टरमंडळींचा : तपासणीशिवाय चष्मा देऊ नये. यात तथ्य आहे. ज्याला लांबचेही धूसर दिसते, ज्याचा डोळा दुखतो, ज्याला मधुमेह आहे, त्याला नेत्रतज्ज्ञाकडेच नेले पाहिजे. काचबिंदू आणि मोतीबिंदू चष्म्याने बरे होत नाहीत. पण नुसती चाळिशी लागलेल्याने तयार चष्मा घातला, तर नंबर चुकल्यास डोके दुखेल. डोळा जाणार नाही. तपासणी हवी, हे मान्य; तपासणी होईपर्यंत आंधळेपणाने बसा, हे मुळीच मान्य नाही.

दुसरा आक्षेप : हे सरकारने करावे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्याने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचे मोठे काम केले, ते नाकारणे कृतघ्नपणा होईल. बाराव्या पंचवार्षिक योजनेत (२०१२–१७) वृद्धांना जवळच्या कामासाठी मोफत चष्मे देण्याची तरतूदही झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये नंबरच्या चष्म्यावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. छान झाले! पण तालुक्यापर्यंतचे एस.टी.चे भाडे आणि बुडालेली एक दिवसाची मजुरी कोणत्या करातून वजा होते? चष्मा म्हातारीकडे आला पाहिजे; म्हातारी चष्म्याकडे जाणार नाही. बांगलादेशात 'ब्रॅक' संस्थेच्या आरोग्यसेविका घरोघर फिरून हे चष्मे देऊ लागल्या, त्यालाही बरीच वर्षे झाली. आपल्या आशाताईंना जवळच्या नजरेची परीक्षा शिकवायला आणि त्यांच्या पिशवीत चार नंबरांचे चष्मे द्यायला काय आभाळ कोसळणार आहे? मात्र त्या कामाचा वेगळा मोबदला त्यांना द्या. फुकट राबवून घेण्याची खोड येथे नको.

तिसरे म्हणजे आमचे दानशूर. घरातले जुने चष्मे गोळा करून खेड्यात वाटायचे आणि फलकासमोर छायाचित्र काढायचे! तुमच्या डोळ्यांचा नंबर, तुमच्या काचेवरचे ओरखडे, दुसऱ्याच्या नाकावर कसे बसणार? दान करायचेच तर नवे करा. तयार चष्मा बाजारात शंभर-दीडशे रुपयांना मिळतो. एका बऱ्या आकाशकंदिलाला याहून जास्त पडतात.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. यंदा भाऊबीजेला थोरल्या बहिणीला ओवाळणी घालण्याआधी तिला बाजारात घेऊन जा. चष्म्यांच्या टोपलीपुढे तिच्या हातात सुईदोरा द्या. ज्या काचेतून दोरा नीट ओवला जाईल, ती काच तिची. चालताना तो चष्मा काढून ठेवायला सांगा, नाहीतर पायरी चुकेल. आईला न्या, सासूला न्या, घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना न्या. आणि पुन्हा कधी सत्कार करायचा झाला, तर मानपत्र जरूर लिहा, मीही लिहीन; पण त्याबरोबर चाळिशी द्या. तुम्ही केलेली स्तुती ज्याची त्याला वाचता तरी येऊ द्या.