दोन चहा, एक जांभई
परीक्षा तोंडावर आली की सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका रात्रभर जाग्या असतात आणि टपरीवर कटिंगबरोबर ‘झोपच येत नाही यार’ हे फुकट ऐकायला मिळतं. परवा दोन विद्यार्थी शेजारी उभे होते. पेपर एकच, राहिलेली प्रकरणंही तीच. एक जांभई देत खोलीवर गेला, दुसऱ्यानं आणखी एक चहा सांगितला. त्यातलं निम्मं कॅफिन पाचेक तासांनीही अंगात असणार, हे त्याला कोण सांगणार! पण खरा फरक स्वभावाचा. मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये निद्रानाशाची तिहेरी मांडणी केली: मुळातला कल, निमित्त ठरणारा ताण आणि दुखणं टिकवणाऱ्या सवयी. चिंताळू पोरगं उशीला डोकं टेकताच न दिलेल्या पेपरचा निकालही लावून मोकळं होतं. त्याला ‘फार विचार करू नकोस’ म्हणणं म्हणजे विहिरीत पडलेल्याला ‘भिजू नकोस’ म्हणणं. स्वभाव एका सत्रात बदलत नाही, सवयी बदलतात. झोप येत नसेल तर लोळत पडू नका. उठा, डोळे जड झाले की परत या, आणि सकाळची उठायची वेळ मोडू नका. जागरणाला मेहनत समजून कौतुक करणाऱ्या आईबापांनीही आता आवरावं. आणि पोरांनो, ताण फारच झाला तर १४४१६ वर फोन करा. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवरचे लोक चोवीस तास, मराठीत आणि फुकट बोलतात.