तीन वर्षांच्या रविवारांचा गुणाकार

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपण सर्वांनीच ऐकली आहे. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चौसष्ट घरे भरू लागले की राजाची कोठारे रिकामी होतात. समजा, पटाला सदुसष्ट घरे असती, तर एकूण दाणे किती झाले असते? १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७!

या एकवीस आकडी संख्येने गणितज्ञांना अडीचशे वर्षांहून अधिक काळ झुलवले. फ्रान्समधील मेर्सेन या धर्मगुरूने १६४४ साली ती मूळ संख्या असल्याचे लिहिले. म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही नि:शेष भाग जात नाही. १८७६ साली ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने ती मूळ नसल्याचे सिद्ध केले. पण भाग कशाने जातो, हे त्यालाही सांगता आले नाही. चोरी झाली हे ठरले, चोर काही सापडेना!

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन गणित संस्थेची सभा होती. प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले आणि चकार शब्द न काढता त्यांनी हा गुणाकार मांडला, असे सांगतात:

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

उत्तर आले तीच संख्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. हे शोधायला किती वेळ लागला, असे विचारल्यावर कोल म्हणे एवढेच म्हणाले, 'तीन वर्षांचे रविवार.'

घरच्या घरी एक पडताळा पाहा. तिन्ही संख्यांतील अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करत जा. प्रत्येक वेळी १ च येईल. एक गुणिले एक बरोबर एक! यावरून गुणाकार बरोबरच आहे असे ठरत नाही. पण चुकला असता, तर बहुधा येथेच पकडला गेला असता.

गुणाकार तासाभरात होतो, पण तो उलगडायला वर्षे लागतात. नेमक्या याच अडचणीवर रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन यांनी १९७७ साली गुप्त संदेशांचे एक कुलूप बेतले. इंटरनेटवरील बँक व्यवहारांच्या सुरक्षिततेसाठी ते आजही वापरले जाते. कोल यांची संख्या आता संगणक क्षणार्धात फोडतो. म्हणून या कुलपांसाठी सहाशेहून अधिक आकडी संख्या घ्याव्या लागतात.

आता मुलांसाठी एक कोडे. पटाला अकराच घरे असती, तर दाणे झाले असते २०४७. ही संख्या मूळ आहे का? एक खूण सांगतो: भाग जात असेलच, तर त्या भाजकाला २२ ने भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे. पाटी-पेन्सिल घ्या. यासाठी तीन वर्षे नकोत, एकच रविवार पुरे!

(उत्तर: मूळ नाही. २३ × ८९ = २०४७)