दार कोणत्या बाजूला उघडते?

लोअर परळात आगीचा विषय निघाला की अजूनही पहिले नाव कमला मिलचे येते. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्र उलटल्यावर तेथील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि १४ माणसे प्राणाला मुकली. बांबू, ताडपत्री आणि सजावटीचे सामान भराभर पेटले. बाहेर पडण्याची वाट न सापडल्याने अनेक जण स्वच्छतागृहात शिरले आणि तेथेच धुराने गुदमरले. महापालिकेच्या चौकशीत हुक्क्यासाठी पेटवलेल्या कोळशाच्या ठिणग्यांकडे बोट दाखवले गेले.

तेव्हापासून एक वाक्य आपण सर्वांनी पाठ केले आहे. नियम जुने झाले, ते बदलले पाहिजेत! मला हे वाक्य निम्मेच पटते.

ज्या जागेवर हे उपाहारगृह होते तेथे पूर्वी गिरणी होती. गिरणी कामगारासाठी १९४८ च्या कारखाना कायद्यात स्पष्ट लिहिलेले होते की आत माणसे असताना बाहेर जाण्याच्या दाराला कुलूप असू नये आणि सरकते दार नसेल तर ते बाहेरच्या बाजूस उघडले पाहिजे. म्हणजे हा नियम जुना खरा, पण तो शहाणा होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले, त्या जागी कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांच्या माथ्यावर खानावळी आल्या. यंत्रे गेली तसा कारखान्यांचा कायदाही गेला, आणि जेवायला आलेल्या माणसाच्या वाट्याला साच्यावरच्या कामगाराइतकीही मोकळी वाट राहिली नाही. याला प्रगती म्हणायचे असेल तर म्हणावे.

खरोखर जुनी झाली आहे ती नियमांमागची समजूत. इमारत एकदा नकाशावर मंजूर झाली की ती तशीच राहते, असे आपले नियम धरून चालतात. मुंबईत कोणती इमारत तशी राहते? गॅलरी खोलीत जाते, गच्चीवर छप्पर चढते, जिन्याखाली दुकान थाटले जाते. वापर बदलला की आगीसंबंधीचा दाखला आपोआप रद्द व्हावा आणि नवी तपासणी होईपर्यंत टाळे लागावे, ही पहिली दुरुस्ती मला आवश्यक वाटते.

दुसरी दुरुस्ती दाखल्याविषयी. महाराष्ट्राच्या २००६ च्या अधिनियमानुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. ते देते परवानाधारक संस्था. तिला नेमतो इमारतीचा मालक, आणि पैसेही तोच देतो. परीक्षार्थ्यानेच परीक्षक निवडावा आणि त्याचे मानधनही खिशातून द्यावे, अशी सोय आपल्या विद्यापीठाने केली तर आपण सारेच प्रथम वर्गात येऊ! कमला मिलनंतर आठ महिन्यांनी, २२ ऑगस्ट २०१८ रोजी, परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये आग लागून चौघे गेले. तेथील यंत्रणा बंद होती. त्या दिवशी एका शाळकरी मुलीने शाळेत शिकलेले आठवून शेजाऱ्यांना ओली फडकी नाकातोंडाशी धरायला सांगितले, आणि त्यामुळे कित्येक जण वाचले. कागदी प्रमाणपत्रापेक्षा शाळेतला एक तास अधिक उपयोगी पडला.

महापालिकेकडे माणसे नाहीत, तपासणी करणार कोण, असे विचारले जाते. कमला मिलच्या आगीनंतर दुसऱ्याच दिवशी तीनशेहून अधिक ठिकाणच्या बेकायदा बांधकामांवर हातोडा पडला होता. एका दिवसात ती सापडली म्हणजे आदल्या दिवशी ती ठाऊक नव्हती, असे कसे मानावे? नियमही कधी कधी असेच झोपवून ठेवले जातात. २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर इमारतींच्या अग्निसुरक्षेचा विशेष मसुदा २००९ साली निघाला. तो लागू का झाला नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाला २०२२ साली विचारावे लागले.

आता चाळींचे सांगितले पाहिजे, कारण आपल्यापैकी कित्येक जण तेथूनच महाविद्यालयात येतात. लाकडी जिना, त्याच्या तोंडाशी मीटरच्या पेट्या, व्हरांड्यात पिंपे, कपाटे आणि गॅसची सिलिंडरे. नवे नियम बहुतेक नव्या उंच इमारतींसाठी असतात. चाळीला ते स्पर्शच करीत नाहीत. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या जुन्या गोकुळ निवासाला आग लागली आणि इमारत कोसळून अग्निशमन दलाचे चार अधिकारी मृत्युमुखी पडले. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर त्यांतलेच एक. तरीही चाळकरी नव्या नियमाचे नाव काढले की बिचकतो, आणि त्याचे बिचकणे मला समजते. धोकादायक म्हणून आज नोटीस लागली तर उद्या संक्रमण शिबिर, आणि तेथून परत कधी येणार ते कोणी सांगत नाही. म्हणून चाळींपुरता नियम बदलताना दंडापासून सुरुवात करू नये. आधी सरकारी खर्चाने जुन्या वीजतारा बदलाव्यात, मीटर जिन्याखालून हलवावेत, मग व्हरांडा मोकळा करण्याची सक्ती करावी. तो क्रम उलटा केला तर नियम बिल्डरच्या हातातले हत्यार होईल.

आणि चाळी जाऊन टॉवर आले म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. करी रोडच्या अविघ्न पार्कला २२ ऑक्टोबर २०२१ रोजी आग लागली ती एकोणिसाव्या मजल्यावर, आणि तेथून खाली पडून एका सुरक्षारक्षकाचा अंत झाला. मुंबईच्या दलाची सर्वांत उंच शिडी ९० मीटरची. त्याहून वर राहणाऱ्याने आपल्या इमारतीच्या जिन्यावरच विसंबायचे.

प्रत्येक सार्वजनिक जागेच्या दाराशी एक मराठी पाटी असावी. शेवटची तपासणी कधी झाली, कोणी केली, आत किती माणसे मावतात आणि बाहेर जायची दारे किती. हा नियम महापालिका करील तेव्हा करील. आपल्या सभागृहाच्या मागच्या दाराला मात्र स्नेहसंमेलनाच्या दिवशीही कुलूप असते, फुकट्यांनी आत शिरू नये म्हणून. त्याची किल्ली कोणाकडे असते, हे या अंकाच्या पुढील बैठकीत जिमखाना समितीने सांगावे.