भिंतींना देणगी, गुरुजींचे काय?

परदेशस्थ बांधवांनी गावच्या शाळांसाठी हात सैल सोडला, ही अभिमानाची बाब आहे. परंतु हा पैसा जातो कोठे? वर्गखोल्या, संगणक, प्रवेशद्वाराची कमान, आणि त्या कमानीवर देणगीदाराचे नाव! आत फळ्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाच्या वाट्यास काय आले, हे आपल्या सभांतून कोणी विचारीत नाही. तो प्रश्न आज विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

शिक्षकांना प्रशिक्षण मिळते, असे उत्तर येईल. चार दिवसांचे शिबिर, भाषणे, चहापान आणि प्रमाणपत्र! आम्ही डॉक्टर मंडळी असल्या शिबिरांतून घडलो नाही. ज्येष्ठ डॉक्टर शेजारी उभे राहिले, त्यांनी करून दाखविले, करवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिले. सर्जन अतुल गावंडे यांनी तर नावलौकिक मिळाल्यावरही आपल्या निवृत्त गुरूंना शस्त्रक्रियागृहात निरीक्षणासाठी बोलाविले आणि २०११ साली त्याविषयी जाहीरपणे लिहिले. रुग्णाच्या जिवासाठी जे आवश्यक, ते मुलाच्या बुद्धीसाठी अनावश्यक कसे?

येथे अमेरिकेतील शाळांत या रीतीस ‘कोचिंग’ म्हणतात. शिकवणी वर्गांशी त्याचा संबंध नाही. अनुभवी शिक्षक सहकाऱ्याच्या वर्गात बसतो. कोणास प्रश्न विचारला गेला, कोण गप्प राहिले, हे टिपतो. तासानंतर दोघे मिळून एखादी सुधारणा ठरवितात आणि पुढे ती पुन्हा तपासतात. मॅथ्यू क्राफ्ट व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ६० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात अध्यापन लक्षणीय सुधारल्याचे आणि मुलांच्या गुणांतही भर पडल्याचे आढळले. मात्र उपक्रम फार मोठा केला की परिणाम रोडावतो, हेही त्यांनी नोंदविले. आपल्या वर्गांत गप्प राहणारी मुले कोणत्या वस्तीतून येतात, हे वाचकांस सांगावयास हवे काय?

परंतु हे घडवून आणणार कोण? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार प्राथमिक शाळेचा पट १५० हून अधिक असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापकाची तरतूद आहे. वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत ज्येष्ठ गुरुजींनीच पत्रके भरावीत, पोषण आहाराचा हिशेब ठेवावा आणि शिकवावेही! सहकाऱ्याचा वर्ग पाहण्यास त्यांना उसंत कोठली?

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्रशिक्षित शिक्षकांची मागणी केली आणि वर्षातून एकदा होणारी तपासणी निरुपयोगी असून शाळा निदान दर तिमाहीस पाहाव्यात, असे बजावले. आम्ही त्यास एवढीच जोड देतो, की पाहणारा साहेब नव्हे, सोबती असावा. त्याची टिपणे वरिष्ठांकडे जाता कामा नयेत. अन्यथा शिक्षक शिकणार नाही, देखावा करील.

हे सरकारचे काम आहे, हे आम्हांस मान्य आहे, आणि सरकारकडे मागणी लावून धरलीच पाहिजे. तोवर आपण हात बांधून का बसावे? मोजक्या शाळा निवडाव्यात. नाणावलेल्या निवृत्त शिक्षकांस मानधन व प्रवासखर्च देऊन निदान तीन वर्षे तेथे मार्गदर्शक नेमावेत. गुरुजींचा कागदी भार हलका करण्यासाठी एक लेखनिक द्यावा. फलक नको, छायाचित्र नको.

पुढील वार्षिक सभेत नव्या कमानीचा ठराव आला, तर आमचा हात विरोधात वर होईल. आपलाही व्हावा, ही विनंती.