पहिली गाडी शिकविणारी असावी

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी एका मोटरसायकलवरून वाद झाला, आणि गंमत अशी की ती मोटरसायकल बेळगावात नव्हतीच. माझा मामेभाऊ (आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो) नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये यॉर्कशायर भागात राहतो. तिथे त्याला ट्रायल्स नावाच्या खेळाचा नाद लागला. क्लबातल्या एका मित्राची ३०० सी. सी. ची गाडी मागून घेऊन तो ओढ्यातल्या दगडांवर चढवायला गेला, एक्सलेटर जरा जास्त पिळला गेला आणि उजवे मनगट मोडून बसला. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये! प्लास्टर निघते न निघते तोच त्याने घरी कळविले की, आता स्वतःची गाडी घेणार, तीही कोरी ३००च, आणि हप्त्यांवर. मामींनी रागाने फोन ठेवून दिला. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कॉमर्सवाला ना? मग तूच समजाव त्याला."

दादाला मी जे समजावले तेच इथे मांडणार आहे. ट्रायल्सची गाडी आपल्यापैकी फारच थोडे जण कधी विकत घेतील, हे मला ठाऊक आहे. पण पहिली गाडी मात्र आपल्यापैकी बहुतेक जण घेणार आहेत, आणि दादाची चूक आपल्यालाही परकी नाही.

आधी हा खेळ काय आहे ते सांगतो. मोटरसायकलचा खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वेग येतो. ट्रायल्समध्ये वेगाला किंमतच नाही. डोंगरउतार, ओढे, शेवाळलेले खडक, झाडांची मुळे अशा जागी दोन्ही बाजूंना खुणा लावून लहान लहान टप्पे आखलेले असतात. त्यांना सेक्शन म्हणतात. सेक्शनमधून गाडी बाहेर काढायची ती पाय न टेकता. एकदा पाय टेकला तर एक गुण, दोनदा टेकला तर दोन, तीन किंवा अधिक वेळा टेकला तर तीन. पडलात किंवा खुणांच्या बाहेर गेलात तर पाच. हे सारे दंडाचे गुण. ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकला. चालत्या माणसाइतक्या वेगाने गाडी हाकायची आणि तोल सांभाळायचा, एवढेच काम. पण करून पाहणाऱ्यालाच त्याची अवघडता कळते. स्कॉटलंडमधली सहा दिवसांची ट्रायल १९०९ साली सुरू झालेल्या स्पर्धेतून वाढली, आणि यॉर्कशायरमधली स्कॉट ट्रायल १९१४ पासूनची आहे. म्हणजे दादा ज्या मुलखात जाऊन पडला तिथे हा खेळ शंभर वर्षांहून जुना आहे.

या कामासाठी घडविलेली गाडीही निराळीच असते. वजन जेमतेम सत्तर किलोंच्या आसपास. बसायला सीट जवळजवळ नाहीच, कारण सारा खेळ उभ्याने खेळायचा. पेट्रोलची टाकी दोन-तीन लिटरची. रस्त्यावरच्या मोटरसायकलच्या मागच्या चाकात आपण तीसच्या आसपास हवा भरतो. इथे चार-पाच भरतात, म्हणजे टायर दगडाला चिकटून चढतो. क्लच एका बोटाने ओढायचा आणि बाकीची बोटे हँडलवरच ठेवायची.

आता मुद्दा असा : नवशिक्याने पहिली गाडी कोणती घ्यावी?

माझे मत स्पष्ट आहे. पहिली गाडी वापरलेली असावी, तिचे इंजिन मवाळ असावे आणि ती आपल्या वजन-उंचीला साजेशी असावी. जगज्जेत्याच्या हातात जी आहे ती तर मुळीच नसावी. स्पेनचा टोनी बोउ २००७ पासून २०२४ पर्यंत दर वर्षी जगज्जेता ठरला, मैदानातही आणि बंदिस्त सभागृहातल्या स्पर्धांतही. त्याची गाडी पाहून त्याच घराण्यातली गाडी घ्यावीशी वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या गाडीला जी ताकद दिली आहे ती पुरुषभर उंच कड्यावर उडी मारण्यासाठी. नवशिक्याला गुडघ्याएवढ्या दगडावरून जायचे असते. तिथे उरलेली ताकद त्याच्या मनगटावर येते. दादाच्या तर ती अक्षरशः आली!

तुम्ही म्हणाल, मग सर्वांत लहान १२५च घ्यावी. तेही मला पटत नाही. हलक्या अंगाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला १२५ उत्तम. पण दादाचे वजन अठ्ठ्याहत्तर किलो. १२५ ला चढावर ओढायला इंजिन सतत तापते ठेवावे लागते, क्लचशी खेळावे लागते, आणि नवशिक्याच्या हाताला नेमके तेच येत नसते. प्रौढ माणसाला दोन स्ट्रोकची २५० बरी. ती खालच्या वेगात हळू ओढते, चूक झाली तर एकदम झेप घेत नाही. चार स्ट्रोकच्या गाड्याही आहेत. त्यांची ओढ अधिक सलग असते आणि उतारावर इंजिनच ब्रेकचे काम करते, मात्र वजन थोडे जास्त पडते. हल्ली विजेवर चालणाऱ्याही निघाल्या आहेत. आवाज नसल्यामुळे शेजाऱ्यांची तक्रार येत नाही, हा त्यांचा मोठा गुण. आणि १९७० च्या दशकातली यामाहा टी. वाय. १७५ सारखी जुनी गाडीही नवशिक्याला सांभाळून घेते. पण जुन्या गाडीला सुटे भाग शोधणारा धीराचा माणूस लागतो.

३०० सुद्धा समजूतदारपणे चालविता येते, हे मी नाकारत नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत पावसासाठी मंद चालीची सोय असते. एक्सलेटरची नळी बदलून तो सावकाश उघडेल असेही करता येते. पण जी ताकद आवरण्यासाठी खटपट करायची, तिच्यासाठी जादा पैसे का मोजायचे?

दादाचा युक्तिवाद असा होता : "आज लहान घेतली तर दोन वर्षांत पुन्हा मोठी घ्यावी लागेल. दोनदा खर्च करण्यापेक्षा एकदाच चांगली घेतो." इथे माझे वाणिज्य कामाला आले. आपण घसारा शिकतो. घटत्या शिलकेच्या पद्धतीत सर्वांत मोठी घट पहिल्या वर्षी धरली जाते. बाजारातही बहुधा तसेच घडते : कोऱ्या गाडीची किंमत शोरूमच्या दारातून बाहेर पडताच उतरते. दादानेच कळविलेल्या भावांप्रमाणे नवी गाडी सहा-सात हजार पौंडांच्या आसपास होती आणि पाच-सहा वर्षे वापरलेली त्याच्या निम्म्यात मिळत होती. म्हणजे मोठा घसारा पहिल्या मालकाने सोसलेला. ती दोन वर्षे चालवून विकली तर थोडक्याच नुकसानीत सुटका होते. शिवाय नवशिक्याची गाडी पडणारच, दर रविवारी पडणार. कोरी गाडी दगडावर आपटली की काळीज तुटते, आणि हप्ते फिटेपर्यंत तर ती पडू नये म्हणून माणूस चढ चढायचेच टाळतो. मग शिकणार कधी? वापरलेल्या गाडीवरच्या ओरखड्यांत आणखी एका ओरखड्याची भर पडली तर कोणाला कळते?

वापरलेल्या गाडीत धोका असतो, हे मान्य. तो कमी कसा करावा हे विचारायला मी आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. ट्रायल्सची गाडी त्यांनी आयुष्यात पाहिलेली नाही. पण मी चित्र दाखविताच त्यांनी भराभर यादी सांगितली. चाक वर उचलून दोन्ही हातांनी हलवून बघ, बेअरिंग गेले असेल तर खडखडते. मागचा शॉकॅब आणि त्याचे सांधे ढिले आहेत का बघ. फोर्कमधून तेल गळते का बघ. इंजिनखालचा पत्रा चेपलेला असणारच, त्याला घाबरू नको. फुटून तेल येत असेल तर घाबर. रिम वाकडी नको. इंजिन थंड असताना जा. मालकाने आधीच गरम करून ठेवले असेल तर समज काहीतरी लपवतोय. शेवटी ते म्हणाले, "गाडी आपल्याला झेपायला पायजे की रे. आपण गाडीला झेपून काय उपयोग?" साऱ्या लेखाचे सार या एका वाक्यात आहे.

मोठ्या खेळाडूंनाही हे ठाऊक होते. सॅमी मिलर याने १९६४ ची स्कॉटिश सहा दिवसांची ट्रायल ५०० सी. सी. च्या एरियलवर जिंकली. १९६५ साली तीच स्पर्धा त्याने बुल्टाको कंपनीच्या २५० वर जिंकली. सी. सी. निम्मे झाले, गाडी बरीच हलकी झाली आणि विजय कायम राहिला. विजेत्याला जर निम्म्यात भागते, तर नवशिक्याने दुपटीचा हट्ट का धरावा?

कन्नड विभागातल्या माझ्या एका मित्राने विचारले, "मग आपली बुलेट ट्रायल्स का नको?" प्रश्न चांगला होता. रॉयल एनफील्डच्या बुलेटचे ट्रायल्सशी नाते खरे आहे. जॉनी ब्रिटन याने त्याच कंपनीच्या गाडीवर १९५२ आणि १९५७ साली स्कॉटलंडची ती स्पर्धा जिंकली होती. त्या आठवणीने २०१९ मध्ये आपल्याकडे बुलेट ट्रायल्स नावाचे मॉडेल विक्रीला आले होते. पण तिचे वजन पावणेदोनशे किलोंच्या वर. रस्त्यावर ती शोभते. शेवाळलेल्या खडकावर मात्र तिला एकट्याने उचलणे नवशिक्याच्या आवाक्यातले नव्हे. नाव वाचून गाडी घेऊ नये, काम पाहून घ्यावी.

आणि इथेच हा प्रश्न आपल्या दारात येतो. आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये सकाळी एक फेरी मारून पाहा. गाडीवर चढताना ज्याचे पाय जेमतेम जमिनीला लागतात, असा एखादा मित्र दिसेलच. त्या गाडीचे हप्ते कोण फेडते, हे त्याला विचारण्याचा धीर आपल्याला होत नाही. मी स्वतः वडिलांच्या जुन्या स्कूटरवर शिकलो आणि वर्षभर मला तिची लाज वाटत होती. आज वाटते, त्या स्कूटरने मला ब्रेक मारायला शिकविले, आणि तेही फुकट.

आपल्या भागात रस्त्याकडेला कन्नडमध्ये पाटी असते : 'निधानवागि चलिसि', म्हणजे सावकाश चालवा. कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाशपणा. मराठीत निधान म्हणजे ठेवा. आपण दोन्ही भाषा बोलणारी माणसे. आपल्याला तरी दोन्ही अर्थ एकत्र वाचता यायला हवेत.

दादाने शेवटी सहा वर्षांची २५० घेतली, रोख पैसे देऊन. क्लबच्या नवशिक्यांच्या स्पर्धेत तो शेवटून दुसरा आला. पण एक सेक्शन त्याने शून्य गुणांत, एकदाही पाय न टेकता पार केला आणि त्या रात्री आधी मामींना फोन केला. मामी खेळाबद्दल काही बोलल्या नाहीत. "मनगट कसं आहे?" एवढेच त्यांनी विचारले, आणि या वेळी फोन ठेवला नाही.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष