डावे-उजवे करण्याआधी



वसंत ऋतू लागला की आपल्या रविवारच्या वर्गाची हजेरी रोडावते, कारण बेसबॉल, सॉफ्टबॉल आणि टेनिसचे सामने सुरू होतात. शिक्षकांची त्याबद्दलची तक्रार रास्तच आहे, पण आजचा विषय वेगळा आहे. वर्ग सुटल्यावर आम्ही पालक पार्किंगमध्ये घटकाभर बोलत उभे राहतो, तेव्हा दोन काळज्या हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, "याचा उजवा हात डाव्यापेक्षा जाड दिसायला लागलाय, हे बरं नव्हे." आणि दुसरी, "ही सगळं डाव्या हातानं करते, आत्ताच उजव्यावर आणावं का?" आमच्या मते या दोन्ही काळज्या अस्थानी आहेत. खरी काळजी जिची करायला हवी, ती तिसरीच आहे आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

पहिली काळजी घेऊ. दोन हात सारखे नसणे हा दोष नाही. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उजव्या हाताने कामे करणाऱ्यांच्या उजव्या मुठीची पकड डाव्यापेक्षा सरासरी सुमारे १३ टक्के जास्त भरली. गंमत म्हणजे डावखुऱ्यांच्या दोन हातांत सरासरीने जवळजवळ फरकच नव्हता. कात्रीपासून बरणीच्या झाकणापर्यंत सगळे जग उजव्यांच्या सोयीचे, त्यामुळे डावखुऱ्यांचा उजवा हातही न मागता व्यायाम करत असतो.

खेळाडूंमध्ये हा फरक वाढतो, आणि तो फक्त स्नायूंत नसतो, हाडातही असतो. १९७७ साली व्यावसायिक टेनिसपटूंच्या दंडाच्या हाडाची क्ष-किरणांनी मोजणी झाली. रॅकेट धरणाऱ्या हाताच्या हाडाचे बाहेरचे कठीण कवच दुसऱ्या हातापेक्षा पुरुषांत सुमारे ३५ टक्के आणि स्त्रियांत सुमारे २८ टक्के जाड निघाले. १९९५ साली फिनलंडमधल्या टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांच्या अभ्यासात दिसले की ज्यांनी पाळी सुरू होण्याआधी किंवा त्या सुमारास खेळायला सुरुवात केली, त्यांच्यात हा फरक उशिरा सुरुवात करणाऱ्यांच्या दुप्पट ते चौपट होता. म्हणजे वाढत्या वयातले हाड भार ओळखते आणि त्याप्रमाणे स्वतःला घडवते. जाड झालेला हात हा शरीराने केलेल्या चोख कामाचा पुरावा आहे.

आता ताकद आणि शक्ती यांतला फरक. ताकद म्हणजे किती जोर लावता येतो. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग, तोच जोर किती झपाट्याने लावता येतो. मुलांनो, एक प्रयोग करा. अंगणात एक टेनिसचा चेंडू नेहमीच्या हाताने पाच वेळा आणि दुसऱ्या हाताने पाच वेळा फेका आणि अंतरे वहीत लिहा. पकडीतला फरक दहा-तेरा टक्क्यांच्या आसपास असला तरी फेकीतला फरक त्याहून कितीतरी मोठा येईल. याचे कारण असे की फेक पायापासून सुरू होते. पाय, कंबर, छाती, खांदा, कोपर, मनगट अशी एकामागून एक पाळी लागते आणि प्रत्येकाने नेमक्या क्षणी आपले काम करायचे असते. हा क्रम हजारो फेकींनंतर मेंदूत बसतो. दुसऱ्या हाताला तो शिकवलेलाच नसतो. म्हणून डाव्या हातात डंबेल देऊन दोन्ही हात 'सारखे' करण्याच्या खटाटोपाला आमचा विरोध आहे. त्याने दंड भरेल, फेक येणार नाही.

शिवाय तो दुसरा हात रिकामा बसलेला नसतो. उजव्या हाताच्या फलंदाजाचा डावा हात मुठीवर वरच्या बाजूला असतो, आणि सरळ बॅटने खेळताना दिशा तोच देतो. टोकियोत २०२१ साली नीरज चोप्राने ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळवले. ती फेक पाहा: डावा पाय रोवला जातो, डावा हात छातीशी ओढला जातो आणि त्या अडलेल्या बाजूभोवती उजवी बाजू गरकन फिरते.

दुसरी काळजी डावखुरेपणाची. आपल्या भाषेतच थोडा पक्षपात आहे. चांगला तो 'उजवा' ठरतो आणि क्षुल्लक काम म्हणजे 'डाव्या हाताचा मळ'. प्रसाद उजव्या हाताने घ्यावा ही रीत आहे, ती घरोघरी खुशाल पाळावी. पण पेन्सिल, रॅकेट आणि चेंडू यांच्या बाबतीत मुलाचा हात बदलू नये. सचिन तेंडुलकर फलंदाजी आणि गोलंदाजी उजव्या हाताने करत असे, पण लिहितो डाव्याने. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना फलंदाजी डावखुरी करते आणि गोलंदाजी उजव्या हाताने. राफाएल नदाल लिहितो उजव्या हाताने, आणि फ्रेंच ओपन १४ वेळा जिंकला तो डाव्या हाताने. कोणत्या कामाला कोणता हात, हे मूल स्वतः करून पाहते आणि ठरवते. त्याला तेवढा वेळ द्यावा.

मग खरी काळजी कोणती? एकाच हाताने, एकच हालचाल, बारा महिने. मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा कूर्चेचा भाग असतो, आणि तो हाडापेक्षा नाजूक असतो. वारंवार फेकीने कोपराच्या आतल्या बाजूला आणि खांद्याला इजा होते ती तिथेच. म्हणून लिटल लीगने २००७ साली डावांऐवजी फेकींची मोजणी सुरू केली. ९ ते १० वर्षांच्या मुलाला दिवसाला ७५, ११ ते १२ वर्षांच्याला ८५ फेकी, आणि १४ वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दिवशी ६६ किंवा त्याहून अधिक फेकी केल्या तर चार दिवस विश्रांती. नियम उत्तम आहे, पण तो त्या लीगपुरता आहे. शनिवारी लीग, रविवारी ट्रॅव्हल टीम, मंगळवारी खासगी प्रशिक्षक आणि रोज संध्याकाळी बाबांबरोबर अंगणात, याची बेरीज कोण करणार? प्रत्येक वहीत आकडा मर्यादेच्या आत असतो आणि खांदा मात्र एकच असतो. ही बेरीज पालकांनीच करायला हवी.

काही पालक म्हणतील, "इतरांची मुलं वर्षभर खेळतात, आपलं मागे पडेल. पुढे कॉलेजची शिष्यवृत्ती आहे." हा विचार आम्हाला समजतो. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली स्पष्ट सांगितले आहे की एकाच खेळाला वाहून घेणे निदान १५-१६ वर्षांपर्यंत लांबवावे, आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी असावी आणि वर्षात एकेक महिना करून एकूण तीन महिने त्या खेळापासून विश्रांती द्यावी. ज्याचे कोपर तेराव्या वर्षी दुखावले, त्याला शिष्यवृत्तीची घाई काय कामाची?

त्या तीन महिन्यांत पोहणे, सायकल, मल्लखांब, फुटबॉल, काहीही चालेल. सूर्यनमस्कारात दोन्ही हातांवर सारखा भार येतो, आणि त्याला ना फी लागते ना गाडीतून ने-आण. आपल्या वर्गाच्या मधल्या सुट्टीत लगोरी दुसऱ्या हाताने खेळावी अशीही आमची सूचना आहे. नेम चुकतील, हसू होईल आणि दमलेल्या हाताला वीस मिनिटे सुट्टी मिळेल.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. शरीराचे अवयव शिकवताना दंड, कोपर, मनगट, खांदा एवढ्यावर थांबू नये. दुखतंय, ठणकतंय, अवघडलंय, लचकलंय, कळ येते, मुंग्या येतात, हे शब्दही शिकवावेत. यातला प्रत्येक शब्द वेगळे दुखणे सांगतो. ठणका आणि मुंग्या यांची कारणे एक नसतात, आणि डॉक्टरही नेमके हेच विचारतात. मुलांनो, यातले काहीही झाले तर सामना संपायची वाट न पाहता सांगा. आणि पालकहो, मुलाने सांगितले की आधी त्याला मैदानाबाहेर घ्या, मग प्रशिक्षकाशी बोला.

— एक पालक